गैबीभाईंची शिडी

रविवार, ५ ऑक्टोबर

आप्पा शिडीवरून पडले. सकाळी साडेअकराच्या सुमारास.

खुब्याचं हाड मोडलंय, डावं. मनगट नुसतं मुरगळलंय. डोक्याला मार नाही — स्कॅन केलं, डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं. शुद्धीवर आहेत. दुखतंय खूप, पण ओरडत नाहीत. मला म्हणाले, "कॉलेजला कळवलास का, उद्या येत न्हाय म्हणून?" त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, हाड मोडलेलं, आणि काळजी माझ्या रजेची.

क्रमानं लिहून ठेवतो.

मागच्या पत्र्याची पन्हळ पानांनी तुंबलेली. पाऊस अजून जात नाही आणि पाणी स्वयंपाकघराच्या भिंतीत मुरतंय. शिडी शेजारच्या गैबीभाईंकडून आणलेली. त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, गेट, शिड्या स्वतः बनवतात. लोखंडी शिडी, पायांना रबर बसवलेलं. मी चढतो म्हटलं तर आप्पा म्हणाले, "तू खाली थांब आणि शास्त्र सांग." वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं काढलेला माणूस, ऐकणार कुणाचं? मग मी शिडी नीट लावली. उंचीच्या चौथ्या हिश्शाइतका पाय भिंतीपासून लांब. मोजून. वर ते हात लांब करायला लागले की म्हणायचं, उतरा आप्पा, शिडी सरकवून घेऊ. तीनदा उतरवलं. तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळावर आठी होती.

चौथ्यांदा चढले. मग शिडी सरकली आणि आप्पा खाली शहाबादी फरशीवर आले.

मंगळवारी ऑपरेशन.

सोमवार, ६ ऑक्टोबर

काल एक गोष्ट लिहिली नाही. ही वही कुणी वाचत नाही. तरी लिहिली नाही.

मी शिडी धरून उभा होतो, हे खरं. पण पडले तेव्हा धरलेली नव्हती.

अनुजा बहिणीकडे कबनूरला गेलेली. जाताना कुकर लावून गेली — "अहो, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा." तिसरी झाली. मी हात सोडले, आत गेलो, गॅस बंद केला, आणि वळलो तेव्हा आवाज आला. पोतं पडल्यासारखा. त्यानंतर शिडी पडल्याचा.

दहा-बारा पावलं जायला आणि तेवढीच यायला. डाळ करपली असती तर काय झालं असतं? काही नाही. डाळ करपली असती.

आणखी एक. मी जाताना आप्पांना सांगितलं का? "आलो हं" असं म्हणालो, असं वाटतं. पण तोंडानं म्हणालो की मनात, ते आठवत नाही. कालपासून किती वेळा तो क्षण परत उभा केला. दर वेळी आवाज थोडा थोडा स्पष्ट होतोय. म्हणजे मी तो तयार करतोय.

सगळ्यांना सांगितलं, शिडी सरकली. ते खोटं नाही. शिडी सरकलीच.

संध्याकाळी गारगोटीहून क्रांती आली. आप्पांना बघून रडली, मग बाहेर आली तर पॅसेजमध्ये गैबीभाई. शहाळं घेऊन आलेले. धाकटी बहीण माझी, पण आवाज आप्पांचा.

"कसली शिडी दिलीसा ओ तुम्ही? माणसं मारायची हाईत का?"

गैबीभाईंनी शहाळं बाकावर ठेवलं. "चुकलं असंल ताई. बघतो मी."

"आता बघून काय करतायसा?"

ते शहाळ्याकडे बघत राहिले. मान खाली. मी चार फुटांवर उभा होतो, हातात आप्पांची फाईल. मी फाईल वाचायला लागलो. रक्तगट, वजन, वय.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

ऑपरेशन झालं. दोन तास दहा मिनिटं. डॉक्टर म्हणाले, चांगलं झालं. चालतील का विचारलं. "चालवायचं आहेच. पण या वयात आधीसारखं किती, ते आत्ता नाही सांगता येत."

क्रांती शेजारच्या पेशंटच्या बाईंना सांगत होती — शेजाऱ्याची शिडी, अशी सुटली म्हणे. बाईंनी विचारलं, कोण शेजारी? हिनं नाव सांगितलं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आप्पा दिवसभर गुंगीत. मी दिवसभर खुर्चीत. दोनदा सांगायला तोंड उघडलं. दोनदा त्यांना पाणी पाजलं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

क्रांती दवाखान्यात थांबली म्हणून कॉलेजला गेलो. अकरावीला समतोल शिकवायचा होता. गेली वीस वर्षं मी तो एकाच आकृतीनं शिकवतो : भिंत, जमीन, तिरकी शिडी, शिडीवर माणूस. माणूस जितका वर, तितका शिडीचा पाय बाहेर सरकायला बघतो. त्याला धरून ठेवतं ते फक्त घर्षण. आज फळ्यावर भिंत काढली, जमीन काढली, आणि पुढं हात जाईना. उजळणी घेतली.

घरी आलो तर गैबीभाई मागच्या अंगणात, शिडी न्यायला आलेले. शिडी आडवी टाकलेली आणि ते उकिडवे बसून जोड न् जोड तपासत होते. नखानं, मग छोट्या हातोडीनं. अनुजानं चहा दिलेला, तसाच थंड होत होता.

"जोड एक सुटला न्हाय सर," म्हणाले. पुन्हा एकदा सगळ्यावरून हात फिरवत खाली आले. पायाच्या रबराशी बोट थांबलं. बोट चोळलं. नाकाला लावलं.

"खोबरेल," म्हणाले.

मला क्षणभर काही कळलं नाही. मग सगळं कळलं.

शिडी आम्ही तीस तारखेला आणली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची पूजा, आणि पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही. आप्पा म्हणाले, दुसऱ्याची असली म्हणून काय झालं, घरात आल्या म्हणजे हिलाबी पुजायची. "धुऊन घे आन लोखंडाला तेल लाव जरा." मी धुतली. फडकं खोबरेलात बुडवून प्रत्येक पायरी पुसली. आणि रबर मळकट दिसत होतं म्हणून तेही पुसलं. चांगलं चकचकीत होईपर्यंत. वर हळद-कुंकू, झेंडूचं फूल. मला आठवतंय, मी लांब उभा राहून बघितलं आणि समाधान वाटलं.

मी. घर्षण शिकवणारा.

"मीच लावलं," म्हणालो.

गैबीभाईंनी मान हलवली. रागावलेले दिसले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "तरीच. रबर आन तेल. त्यात फरशी वली."

"मी सांगतो सगळ्यांना. क्रांतीला आजच सांगतो."

"नगो," म्हणाले. पटकन. मग इकडंतिकडं बघून आवाज बारीक केला. "ताईला पायजे तर सांगा. गल्लीत नगो. पूजेचं तेल लावलं म्हणून माणूस पडलं — हे मुसलमानाच्या शिडीवरनं निघालं म्हणजे गैबीनंच काढलं म्हणत्यात, सर. तुमच्या तोंडनं आलं तरी. शिडी वाईट म्हणल्यालं सोसतंय मला. ते दुसरं न्हाय सोसायचं."

शिडी खांद्यावर घेऊन गेले. चहा राहिला.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

त्यांनीच नको म्हटलं. म्हणजे मी गप्प बसलो तर त्यांच्या इच्छेला मान दिल्यासारखं होतं.

किती सोयीचं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज आप्पांना वॉकर धरून उभं केलं. चार सेकंद. घामानं डबडबले. खाली बसवताना माझा दंड धरला होता तो बराच वेळ सोडला नाही. पूर्वी ज्या हातानं इंजिनाचा नट सोडवायचे तो हात. त्यात आता पकडच राहिली नाही, नुसतं वजन.

दवाखान्यातून परतताना कोपऱ्यावर विजयसिंह भेटले. गल्लीतल्या तालमीचे सगळे व्यवहार हेच बघतात. गाडी आडवी घातली. "काय म्हणत्यात आप्पा?" मी सांगितलं. "बरं झालं सर, वेळेत कळलं. तालमीसाठी दोन शिड्या टाकल्या हुत्या गैबीकडं करायला, मोठ्या, लायटिंगच्या कामाच्या. काल सांगून आलो, नगो म्हणून. उद्या आमचं कोण पडलं म्हणजे? आन आमीच न्हवं, त्या कोपऱ्यावरच्या शाळंनंबी न्हाय म्हणून सांगितलंय म्हणं."

"काय म्हणाले गैबीभाई?"

"काय म्हणतोय. बरं म्हणाला. त्याला म्हाईत असणार की आपला माल कसा हाय ते."

मी म्हणालो, "हं."

एवढंच. हं.

रविवार, १२ ऑक्टोबर

अनुजाला तेलाचं सांगितलं. ती कणीक मळत होती. ऐकून घेतलं, हात थांबवले नाहीत.

"मग जाऊन सांगा की तालमीत."

"गैबीभाई नको म्हणतायत."

"ते नकोच म्हणणार. त्यांना तसं म्हणायलाच लागतंय. तुम्हाला काय लागतंय?"

तिनं कणकेचा गोळा उलटा केला. मग ती म्हणाली, "त्यांचं भ्या खरं हाय. म्हणून नीट सांगा. पण सांगा."

कुकरचं तिला सांगितलं नाही. सांगितलं तर तिच्या मनात येणार — मी कुकर लावून गेले नसते तर. ती उगाच स्वतःला लावून घेईल. म्हणून नाही सांगितलं.

हे वाक्य लिहून दोनदा वाचलं. ही तिची काळजी, की तिच्या आडून माझी पळवाट? दोन्ही असेल. किती किती ते मला ठरवता येत नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

गेलो. संध्याकाळी सहाला. तालमीच्या कट्ट्यावर सात-आठ जण. विजयसिंह, कोपऱ्यावरचे पिराजीनाना, बाकीचे तोंडओळखीचे. वाटेत तीनदा वाक्य जुळवलं, आणि तिथं गेल्यावर त्यातला एक शब्द आला नाही.

"गैबीभाईंच्या शिडीत काही दोष नव्हता. मी खंडेनवमीला तिच्या पायाच्या रबराला तेल लावलं. तेलामुळं सरकली."

मग विजयसिंह म्हणाले, "रबराला? तुमी फिजिक्सचं सर न्हवं?"

सगळे हसले. मीही हसलो असेन.

"थांबा जरा. तुमाला गैबीनं पाठवलंय का?" कुणीतरी मागून विचारलं. हसू थांबलं.

"नाही," म्हणालो. "ते सांगू नका म्हणाले होते. तेल त्यांनी लावलं नाही, मी लावलं. पूजा चुकली नाही. मी चुकलो. लोखंडाला लाव म्हणून सांगितलेलं, मी पाय पुसत बसलो."

पिराजीनाना तंबाखू मळत होते ते थांबले. "आमीबी लावतोय की," म्हणाले. "शिडी, चढायचा लाकडी घोडा, समदं तेलानं पुसून ठेवतोय वर्साला. अजून कोण पडलं न्हाय ती देवाची किरपा." मग विजयसिंहांकडे वळून, "इजय, हितनं म्होरं पायरीला आन पायाला तेल लावायचं न्हाय. कुंकू लावा, फूल ठिवा, नमस्कार करा. देव काय तेल मोजत न्हाय."

विजयसिंह तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "बघू. सांगतो गैबीला." मी उठलो तर माझ्या पाठीवर थाप मारली. "सर, मोठं मन लागतंय असं येऊन सांगायला."

ती थाप घरी येईपर्यंत पाठीवर होती.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

वाटलं होतं, गैबीभाईंना बरं वाटेल. सकाळी दुकानावरून जाताना थांबलो. त्यांनी वेल्डिंगची काच डोळ्यांवरून वर केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "नगो म्हणलो हुतो."

"तुमचं नाव —"

"नाव माजं हाय न्हवं सर? मग त्याचं काय करायचं ते मला इचारायचं." हातातला रॉड बदलला. "रात्री दोघं येऊन गेली. शिडीची आर्डर परत दिली. बरं झालं. आन जाताना एक जण म्हणाला, सरांस्नी चांगलं पढवलास. हसत हसतच म्हणाला."

काच खाली ओढली. ठिणग्या उडत होत्या, तिकडं बघता येईना.

मी खरं बोललो. त्यांच्या परवानगीशिवाय, त्यांच्या जिवावर. न बोलतो तर? तेही त्यांच्याच जिवावर होतं. यातलं कमी वाईट कोणतं हे मला आधीच कळायला हवं होतं का? अजूनही वाटतं, बोललो ते बरोबर. पण आता तसं म्हणताना छाती पुढं येत नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आप्पांना घरी आणलं. पलंग पुढच्या खोलीत. वॉकरवर संडासापर्यंत सहा मिनिटं. दारातून शिरताना म्हणाले, "पन्हळ राहिलीच की रं तशीच."

क्रांती तेलाचं ऐकल्यावर गैबीभाईंच्या घरी जाऊन आली. काय बोलली ते सांगितलं नाही. जाताना रिकामा डबा नेला होता, परत आली ती भरलेला घेऊन.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

गेले तीन दिवस लोक भेटतात आणि म्हणतात, सर, तुमच्यासारखा माणूस पाहिजे. आज स्टाफरूममध्येही पोचलं. एक बाई म्हणाल्या, प्रामाणिकपणाचं उदाहरण म्हणून मुलांना सांगायला हवं.

आणि मी अर्धंच सांगितलंय.

तेलाचं सांगणं सोपं होतं, हे आता दिसतंय. ती चूक हातून झाली, नकळत, चांगलं करायला जाऊन. तिच्यावर लोक हसतात आणि माफ करतात. हात सोडून जाणं तसं नाही. तिथं मला सगळं माहीत होतं. माणूस वर आहे, फरशी ओली आहे, धरणारा मी एकटा आहे. तीन साध्या गोष्टी. शिडी लावायच्या आधी मीच त्या आप्पांना म्हणून दाखवल्या होत्या — खाली माणूस असल्याशिवाय वर राहायचं नाही, काही आणायचं झालं तर आधी तुम्ही उतरायचं, मग मी जायचं. नियम माझा. मोडला मी. आणि ते वर एकटे राहिले, मी खाली आहे असं समजून.

हे शेवटचं सगळ्यात टोचतं. त्यांनी माझ्या भरवशावर हात लांब केला असणार. तेल असूनही, मी असतो तर शिडी माझ्या पायाला अडली असती.

आप्पा पडण्याबद्दल काहीच बोलत नाहीत. एकदाही नाही. त्यांना माहीत आहे आणि ते मला झाकतायत? की माहीतच नाही, आणि अजून समजतायत की मी धरली होती, तरी सुटली? दुसरं जास्त वाईट. मग त्यांना वाटत असेल, मुलाच्या हातात एवढंही बळ नाही. वाटू दे. तेही खऱ्यापेक्षा बरं — असं माझ्या मनात आलं, आणि त्याची लाज वाटली.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सांगायला बसलो. गल्लीतल्या विठाबाई आल्या, आप्पांना बघायला. तासभर बसल्या. त्यांच्या नवऱ्याचा खुबा, त्यांच्या दिराचा गुडघा. त्या गेल्या तोवर आप्पांचा डोळा लागला होता.

मला हायसं वाटलं. ते वाटलं म्हणून इथं लिहून ठेवतोय.

शनिवार, १८ ऑक्टोबर

दुपारी वॉकरवरून अंगणाच्या दारापर्यंत आले. पहिल्यांदाच. तिथं खुर्ची टाकली. वर पन्हळीकडे बघत बसले. मी शेजारी उभा. सांगितलं नाही.

उद्या नक्की. अनुजाला आधी सांगितलं, आत्ताच. कुकरचं सगळं. मग म्हणाली, "मला इतके दिवस का नाही सांगितलं?" रागावली ती कुकरमुळं नाही, त्यामुळं. मग म्हणाली, "उद्या मी घरी थांबत नाही. तुम्ही दोघंच असा."

रविवार, १९ ऑक्टोबर

सांगितलं. शिट्टी, गॅस, सोडलेले हात. आप्पांनी मधे तोडलं नाही.

"जाताना मी तुम्हाला काही म्हणालो का?"

"न्हाय. काय बोलला न्हाईस. पर म्हाईत हुतं की. वरनं खिडकीतनं दिसत हुतास, गॅसपाशी."

"मग मी येईपर्यंत थांबायचं नाही का, आप्पा?"

"तू कवा जातोयस हेच बघत थांबलो हुतो," म्हणाले. "कोपऱ्यातला पाल्याचा गोळा हाताला जरा कमी पडत हुता. तू खाली असतास तर परत उतरा म्हणाला असतास."

म्हणालो असतो.